तुमचा व्हिडिओ दुसऱ्याच्या पेजवर फिरतोय? चोरी कशी होते आणि तो खाली कसा उतरवायचा, वाचा सविस्तर

तालुका प्रतिनिधी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन पावसाळ्यात कांद्याच्या रोपाला पाणी सोडत होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या तालुक्यातला शेतकरी. आवाज चढलेला. "भाऊ, पैसे टाकून आठ दिवस झाले, बाटल्या कधी पाठवताय?" मी म्हटलं, "कसल्या बाटल्या? मी काही विकत नाही." तर म्हणे, "खोटं बोलू नका, व्हिडिओत तुम्हीच आहात. ड्रमजवळ उभे आहात."

नंतर लिंक आली आणि उलगडा झाला. मी दशपर्णी अर्क घरी कसा करायचा याचा सहा मिनिटांचा व्हिडिओ माझ्या चॅनेलवर टाकला होता. पोराने मोबाइलवर काढलेला. विकत काही घेऊ नका, बांधावरचा पाला वापरा, एवढंच त्यात सांगितलं होतं. कोणीतरी तो उचलून पन्नास सेकंदांचा केला. माझं नाव-गाव कापलं, चेहरा आणि ड्रम ठेवला, आणि खाली स्वतःचा फोन नंबर टाकून बाटल्या विकायला काढल्या. माझ्या चॅनेलला तेव्हा नऊशे सबस्क्रायबर होते. त्या पेजवर तोच व्हिडिओ दोन लाखांच्या वर लोकांनी बघितलेला. त्या शेतकऱ्याचे चौदाशे रुपये गेले आणि वर शिव्या मला बसल्या.

तो व्हिडिओ खाली उतरवायला मला एकोणीस दिवस लागले. त्यातले पहिले चौदा दिवस चुकीच्या ठिकाणी डोकं आपटण्यात गेले. आता आपल्या भागात शेतीचे, रेसिपीचे, कीर्तनाचे, बैलगाडा शर्यतीचे, तमाशाचे, पोलीस भरतीच्या तयारीचे व्हिडिओ करणारी पोरं-पोरी गावोगाव आहेत. त्यांचे चौदा दिवस वाया जाऊ नयेत म्हणून ही माहिती एका जागी देत आहे. सेव्ह करून ठेवा.

व्हिडिओचा मालक कोण?

पहिला गैरसमज हा, की "रजिस्ट्रेशन केलं नाही म्हणजे हक्क नाही." हे चूक आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार तुम्ही स्वतः लिहिलं, गायलं, फोटो काढला, व्हिडिओ केला की त्याच क्षणी हक्क तयार होतो. कुठे अर्ज करावा लागत नाही, फी लागत नाही. रजिस्ट्रेशन करता येतं, कॉपीराइट कार्यालयाच्या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज आहे. लेखन, फोटो, चित्र यांना ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,००० आणि व्हिडिओ-चित्रपटाला ५,००० रुपये फी आहे. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर ते प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालतं. पण तक्रार करायला ते असलंच पाहिजे असं नाही. रोजच्या रीलसाठी पाच हजार घालवायची गरज नाही. पुस्तक, नोट्स, गाण्यांचा अल्बम, पैसे घेऊन विकलेला कोर्स असेल तर विचार करावा.

दुसरा प्रश्न, मालक नेमका कोण. स्वतःच्या मोबाइलवर स्वतः काढलं तर तुम्हीच. पैसे देऊन शूटिंगवाला लावला असेल आणि वेगळं काही लिहून घेतलेलं नसेल, तर कायदा पैसे देणाऱ्याला पहिला मालक धरतो. जाहीर भाषणाचा मालक भाषण करणारा असतो. गायक, वादक, कलावंत यांनाही कायद्यात सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क आहे. म्हणून सप्ताहातल्या कीर्तनाचं किंवा यात्रेतल्या तमाशाचं शूटिंग करताना आधी महाराजांची, फडमालकाची परवानगी घ्या, तीही व्हॉट्सॲपवर लेखी. नाहीतर उद्या चोराविरुद्ध तक्रार करायला जाल आणि तुमचाच हक्क कच्चा निघेल.

व्हिडिओ चोरीला जातो तो रस्ता

पूर्वी तालुक्याला मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की वीस-तीस रुपयांत गाणी आणि पिक्चर भरून मिळायचे. पायरसी म्हणजे तेवढीच आपल्याला माहीत. आता दुकान गेलं आणि ते काम प्रत्येकाच्या खिशातला फोन करतो. साधारण रस्ता असा असतो.

पहिला टप्पा उचलण्याचा. डाउनलोड करणारी ॲप आणि वेबसाइट आहेत, नाहीतर सरळ स्क्रीन रेकॉर्डिंग करतात.

दुसरा टप्पा ओळख पुसण्याचा. कोपऱ्यातलं नाव कापतात किंवा त्यावर स्वतःचा लोगो चिकटवतात. चित्र आरशासारखं उलटं करतात, स्पीड थोडा वाढवतात, आवाज जाडा-बारीक करतात, भोवती चौकट टाकतात. हे सगळं उगीच केलेलं नसतं. यूट्यूबकडे कंटेंट आयडी नावाची यंत्रणा २००७ पासून आहे, ती नव्या व्हिडिओची जुन्याशी तुलना करून नक्कल पकडते. तिला चकवा द्यायला हे उद्योग. व्हिडिओत तुमचा ट्रॅक्टर उजवीकडून येत होता आणि आता डावीकडून येतोय, पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात, तर समजायचं.

तिसरा टप्पा पसरवण्याचा. फेसबुकवर लाखोंची पेज आहेत, ती स्वतः काही करत नाहीत, फक्त उचलतात. तिथून तो व्हॉट्सॲपवर येतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात. फॉरवर्डला मर्यादा आहे, एका वेळी पाच चॅट, आणि खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भरतीचा ग्रुप, असं करत एका संध्याकाळी तालुका होतो. त्यातून कोणी व्हिडिओ पुन्हा गॅलरीतून टाकला की फॉरवर्डची खूणही जाते.

चौथा टप्पा टेलिग्रामचा. इथे २ जीबीपर्यंतची फाइल एका दणक्यात चढते आणि चॅनेलला सभासदांची मर्यादा नाही. म्हणून स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे लेक्चर, नोट्सचे पीडीएफ, वर्तमानपत्रांचे ई-पेपर, नवे पिक्चर इथे जास्त. हजारो रुपयांचा कोर्स कोणीतरी एक जण विकत घेतो, रेकॉर्ड करतो आणि पन्नास रुपयांत लिंक विकतो.

हे करण्यामागे तीन कारणं. एक, जाहिरातीचे पैसे. दोन, पेज मोठं करून ते विकणं. तीन, सरळ फसवणूक, जशी माझ्या व्हिडिओच्या बाबतीत झाली. पहिल्या दोनांत तुमचं उत्पन्न जातं. तिसऱ्यात तुमचं नाव जातं आणि दुसऱ्या शेतकऱ्याचा पैसा जातो. तिसरं सगळ्यात वाईट.

आधी पुरावा, मग भांडण

मी पहिली चूक ही केली की त्या पेजवर जाऊन कॉमेंटमध्ये भांडलो. त्याने मला ब्लॉक केलं. मग मला ते पेज दिसेनाच. माझ्याकडे ना लिंक, ना स्क्रीनशॉट. मित्राच्या फोनवरून पुन्हा सगळं शोधावं लागलं. म्हणून राग गिळा आणि आधी हे करा.

१. चोरलेल्या पोस्टची लिंक कॉपी करून स्वतःला व्हॉट्सॲप करा किंवा वहीत उतरवा. पेजची लिंक पुरत नाही, त्या पोस्टचीच लिंक लागते. दहा ठिकाणी असेल तर दहा लिंका.

२. स्क्रीनशॉट काढा. त्यात अकाउंटचं नाव, किती जणांनी बघितलं, तारीख आणि फोन नंबर असेल तर तो, हे सगळं आलं पाहिजे. शक्य असेल तर पोस्ट उघडून खालीवर करत स्क्रीन रेकॉर्डिंगही करा.

३. तुमच्या फोनमधली मूळ फाइल डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवरून आलेली कॉपी नव्हे, कॅमेऱ्याची फाइल. तिच्यात तारीख-वेळ असते आणि न कापलेलं शूटिंग फक्त खऱ्या मालकाकडे असतं. हा सगळ्यात भक्कम पुरावा.

४. तुम्ही तो पहिल्यांदा कुठे आणि कधी टाकला, ती लिंक.

प्रकरण कोर्टात जायची शक्यता असेल तर एवढं लक्षात ठेवा, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधल्या पुराव्यासोबत ठराविक नमुन्यात प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतो. आपलं काम मूळ फोन आणि फाइल जपून ठेवण्याचं.

शंभर रिपोर्टपेक्षा एक अर्ज भारी

दुसरी चूक. मी ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी या पेजला रिपोर्ट मारा." गावातल्या साठ-सत्तर पोरांनी मारला. कोणी स्पॅम लिहिलं, कोणी शिवीगाळ. काही झालं नाही. कारण कॉपीराइटची तक्रार मालकाने किंवा मालकाने अधिकार दिलेल्या माणसाने, त्याच कारणाच्या फॉर्ममध्ये करायची असते. बाकीच्यांच्या रिपोर्टला त्या बाबतीत किंमत नाही. मालकाचा एक नीट भरलेला फॉर्म साठ रिपोर्टपेक्षा भारी पडतो.

यूट्यूबवर असेल तर

यूट्यूब स्टुडिओ उघडा, शक्यतो कॉम्प्युटरवर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट करून. तिथे कॉपीराइट किंवा कंटेंट डिटेक्शन नावाचा भाग दिसेल, त्यात काढून टाकण्याची नवी विनंती करता येते. नावं अधूनमधून बदलतात, पण कॉपीराइट हा शब्द शोधला की सापडतं. मूळ व्हिडिओची लिंक, चोरलेल्याची लिंक, तुमचं नाव-पत्ता, आणि खाली खरं सांगतो अशी कबुली देऊन पूर्ण नावाची सही टाइप करायची.

तिथे दोन पर्याय येतात. लगेच काढा, किंवा समोरच्याला ७ दिवसांची मुदत द्या. ओळखीतलं पोरगं असेल, चुकून टाकलं असेल, तर मुदत द्यावी. त्याने स्वतः काढलं तर त्याला स्ट्राइक बसत नाही. धंदा करणारा असेल तर लगेच. सोबत, याच व्हिडिओच्या नकला पुढे येऊ देऊ नका अशी खूण करायचाही पर्याय असतो, तो करा.

तक्रार मान्य झाली की त्याच्या चॅनेलला स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. एकदा तुमची तक्रार योग्य ठरली की तुम्हाला कॉपीराइट मॅच टूलही मिळू शकतं. तुमच्या व्हिडिओसारखे दुसरीकडे चढलेले व्हिडिओ ते आपणहून दाखवतं.

समोरचा उलट दावा करू शकतो की व्हिडिओ माझाच आहे. तो आला तर तुम्हाला कामाचे १० दिवस मिळतात. त्यात कोर्टात कारवाई केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत वर येऊ शकतो. म्हणूनच तक्रार पक्की असेल तरच करा.

फेसबुक, इन्स्टाग्रामवर असेल तर

दोन्ही एकाच कंपनीचे, पद्धत सारखी. पोस्टवरच्या तीन टिंबांतून रिपोर्टमध्ये जाऊन बौद्धिक संपदा हा पर्याय धरा, किंवा हेल्प सेंटरमधला कॉपीराइटचा फॉर्म थेट भरा. फॉर्म जास्त बरा, कारण त्यात एकदम अनेक लिंका देता येतात. तुमची तक्रार झाली की तक्रार क्रमांकाचा ई-मेल येतो. तो जपून ठेवा, पुढे कामाला येतो. नियमित व्हिडिओ करणाऱ्यांनी राइट्स मॅनेजरसाठी अर्ज करून बघावा. मंजूर झाला तर नकला आपोआप सापडतात.

माझा व्हिडिओ याच फॉर्मने उतरला. पंधराव्या दिवशी भरला, एकोणिसाव्या दिवशी पोस्ट गायब.

एक सावधगिरी: या कंपन्या तुमचं नाव आणि ई-मेल समोरच्याला कळवू शकतात. म्हणून रोजचा बँकेशी जोडलेला ई-मेल देऊ नका. तक्रारींसाठी वेगळा काढा. समोरचा धमकी द्यायला लागला तर ते स्क्रीनशॉटही ठेवा.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम

इथे गाडी अडते. व्हॉट्सॲपचे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे कुणाकुणाच्या फोनमध्ये गेलेला व्हिडिओ परत ओढून काढता येत नाही, हे स्पष्ट समजून घ्या. मात्र चॅनेल, स्टेटस, प्रोफाइल फोटो यावर तुमचं काम वापरलं असेल तर कंपनीच्या आयपी ॲट व्हॉट्सॲप डॉट कॉम या ई-मेलवर कॉपीराइटची तक्रार करता येते. आणि ग्रुपमध्ये असाल तर ॲडमिनला फोन करा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. आपल्या ओळखीच्या ग्रुपमध्ये हाच सगळ्यात जलद उपाय.

टेलिग्रामवरच्या उघड्या चॅनेलची तक्रार डीएमसीए ॲट टेलिग्राम डॉट ऑर्ग या पत्त्यावर करायची. खासगी ग्रुपमध्ये आम्ही हात घालत नाही असं कंपनी म्हणते. पण टेलिग्रामवाला सापडतच नाही हा समज खोटा आहे. २०२० मध्ये दैनिक जागरणचे ई-पेपर फुकट वाटणाऱ्या चॅनेलांवर दिल्ली उच्च न्यायालयाने ४८ तासांत कारवाई करायला सांगितलं होतं. त्याहून आपल्याला जवळचं प्रकरण इंग्रजीच्या शिक्षिका नीतू सिंह यांचं. स्पर्धा परीक्षेसाठीची त्यांची पुस्तकं आणि लेक्चर टेलिग्रामवर फिरत होती. एक चॅनेल बंद केलं की दुसरं उभं. त्या कोर्टात गेल्या. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथल्या कायद्याने माहिती देता येत नाही, अशी बाजू कंपनीने मांडली. ३० ऑगस्ट २०२२ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर, आयपी ॲड्रेस, ई-मेल बंद लिफाफ्यात द्यायला सांगितले. टेलिग्रामला ते द्यावे लागले. तेव्हा भरतीच्या पोरांनो, चोरीच्या नोट्सचं चॅनेल चालवत असाल तर नाव लपून राहील या भरवशावर राहू नका.

गुगल सर्चमध्ये चोरीची वेबसाइट दिसत असेल किंवा ड्राइव्हची लिंक फिरत असेल, तर गुगलचाही कॉपीराइटचा वेगळा फॉर्म आहे. सर्चमधून गेलं म्हणजे वेबसाइटवरून गेलं असं नाही, पण लोकांची वाट बंद होते.

फॉर्मने काम झालं नाही तर

मग लेखी तक्रार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, अशी मुदत होती.

कॉपीराइटसाठी मात्र आणखी धारदार हत्यार आहे. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५. त्यात लेखी तक्रारीत एवढ्या गोष्टी लागतात:

- तुमच्या कामाचं वर्णन, म्हणजे काय आहे, कधी केलं, पहिल्यांदा कुठे टाकलं
- मालक तुम्ही आहात याचा पुरावा
- चोरीची प्रत नेमकी कुठे आहे, ती लिंक
- ही प्रत चोरीचीच आहे आणि कायद्याच्या सवलतीत बसत नाही, हे का म्हणता
- कोणी टाकली माहीत असेल तर त्याची माहिती
- २१ दिवसांत कोर्टात दावा करून आदेश आणीन, अशी हमी

अशी तक्रार मिळाल्यावर कंपनीने ३६ तासांत ती प्रत लोकांना दिसणं थांबवायचं, २१ दिवसांसाठी. त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आला नाही तर कंपनी प्रत परत उघडी करू शकते. म्हणजे ही हमी नुसती लिहायची नाही, पाळायची तयारी लागते. पैसे देऊन विकला जाणारा कोर्स, पुस्तक, अल्बम असेल तर हा मार्ग धरा. पन्नास सेकंदांच्या रीलसाठी आधीचा फॉर्मच बरा. कंपनी म्हणाली की कोर्टाचा आदेश असल्याशिवाय आम्ही हलणार नाही, तर ऐकू नका. गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीने मायस्पेसवर केलेल्या दाव्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की कॉपीराइटच्या बाबतीत मालकाने नेमकी ठिकाणं दाखवून कळवलं की कंपनीला कारवाई करावी लागते.

तक्रार अधिकाऱ्याचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या जानेवारी २०२३ मध्ये स्थापन झाल्या. अपील पूर्ण ऑनलाइन आहे, दिल्लीला जावं लागत नाही.

पोलीस आणि कोर्ट

कॉपीराइट कायद्याचं कलम ६३: जाणूनबुजून चोरी केली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. ठाण्यात "हे आमच्याकडे येत नाही, कोर्टात जा" असं सांगतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मलाही एकदा तसंच सांगितलं गेलं. तर हे लक्षात ठेवा: २० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा. तुमचं नाव काढून टाकणं, ही माझीच निर्मिती म्हणणं, यालाही कायद्यात वेगळी कलमं आहेत.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. एमपीडीए म्हटलं की आपल्याला हातभट्टीवाला आणि वाळू तस्कर आठवतो. त्याच कायद्याच्या नावात व्हिडिओ पायरेट्सही आहेत. मोठ्या प्रमाणावर चोरीचा धंदा करणाऱ्याला स्थानबद्ध करता येतं. एका रीलला ते लागत नाही, पण सरकार या चोरीला कुठे मोजतं ते यावरून कळावं.

पैशांची फसवणूक झाली असेल तर कॉपीराइट नंतर बघा. आधी १९३० ला फोन. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. सोबत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार.

दिवाणी दाव्यासाठी मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. चोर कुठलाही असो.

प्रत्येक वापर म्हणजे चोरी नव्हे

हेही तितकंच महत्त्वाचं. नाहीतर गावात उगीच वैर वाढतं.

कल्पनेवर आणि माहितीवर कॉपीराइट नसतो. दशपर्णी अर्काची पद्धत माझ्या मालकीची नाही. ती दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या शेतात शूट केली तर मला बोलायला जागा नाही. पिठल्याची रेसिपी कोणाची नाही, पण ती करतानाचा तुमचा व्हिडिओ तुमचा. बाजार समितीचे भाव कोणाचे नाहीत, पण ते सांगतानाचं तुमचं रेकॉर्डिंग तुमचं. टीका, परीक्षण, बातमी, शिकवणं यासाठी योग्य तेवढा भाग वापरायला कलम ५२ मध्ये सवलत आहे. मात्र "क्रेडिट दिलंय" किंवा "व्हिडिओ मूळ मालकाचा" असं खाली लिहिलं म्हणून पूर्ण व्हिडिओ टाकायची परवानगी मिळत नाही. आणि तुमची लिंक कोणी शेअर केली तर ती चोरी नाहीच, उलट त्याला धन्यवाद द्या.

खोटी तक्रार करू नका. बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध समोरचा कोर्टात जाऊन भरपाई मागू शकतो, कलम ६० त्यासाठीच आहे. हल्ली काही जण दुसऱ्याच्या चॅनेलला खोटे स्ट्राइक मारून "पैसे द्या, मागे घेतो" म्हणतात. ती सरळ खंडणी. पैसे देऊ नका, पुरावा ठेवून उलट दावा करा.

बनावट नोटिशीपासूनही सावध. "तुमच्या पेजवर कॉपीराइट तक्रार आहे, २४ तासांत या लिंकवर पासवर्ड टाका, नाहीतर पेज बंद" असा मेसेज आला तर तो चोराचा सापळा. खरी तक्रार तुमच्या स्टुडिओत किंवा पेजच्या सपोर्ट विभागात दिसते. "पैसे द्या, आम्ही व्हिडिओ उतरवून देतो" म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. वर दिलेले कंपन्यांचे फॉर्म फुकट आहेत.

खासगी फोटो-व्हिडिओची गोष्ट वेगळी

मुलीचा किंवा बाईचा खासगी फोटो, व्हिडिओ कोणी टाकला तर कॉपीराइटच्या फॉर्मच्या नादी लागू नका. हा थेट गुन्हा आहे. २०२१ च्या नियमांत अशा तक्रारीवर कंपनीने २४ तासांत कारवाई करायची अट घातली गेली. तक्रार पीडितेने किंवा तिच्या वतीने कोणीही करू शकतं. सायबर पोर्टलवर महिला आणि मुलांसाठीच्या विभागात नाव न देता तक्रार नोंदवता येते. स्टॉप एनसीआयआय या मोफत सेवेत फोटो कुणाला न पाठवता, फोनवरच त्याचा सांकेतिक क्रमांक काढून तो कंपन्यांना दिला जातो. वय १८ च्या आत असेल तर टेक इट डाउन ही तशीच सेवा आहे. आणि आई-बापांनो, पोरीवर ओरडू नका. चूक टाकणाऱ्याची आहे.

पुढच्या व्हिडिओला एवढं करा

नाव कोपऱ्यात नको, मध्यावर फिकट ठेवा. कोपरा कापता येतो, मध्य कापता येत नाही. बोलता बोलता दर मिनिटाला एकदा स्वतःचं नाव आणि गाव घ्या. काही विकत नसाल तर तेही तोंडाने बोला: "मी काही विकत नाही, माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका." यूट्यूबवर टाकता त्याच दिवशी फेसबुकवरही स्वतःच टाका, म्हणजे पहिली तारीख तुमची राहते. महिन्यातून एकदा आपल्या व्हिडिओचं शीर्षक फेसबुक आणि यूट्यूबवर शोधून बघा.

आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनीही एक करावं. व्हिडिओ आवडला तर डाउनलोड करून टाकू नका, मूळ लिंक टाका. नाव कापलेला आणि खाली नुसता फोन नंबर असलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. तो पुढे ढकलणाऱ्यांमुळेच त्या शेतकऱ्यापर्यंत पोचला होता.

त्या शेतकऱ्याचे चौदाशे रुपये परत मिळाले नाहीत. १९३० ला फोन करेपर्यंत आठ दिवस उलटून गेले होते. मी त्यांना घरी बोलावलं, ड्रम दाखवला, अर्क कसा करायचा ते समोर करून दाखवलं आणि जाताना एक कॅन भरून दिला. फुकट. आता त्यांच्या बांधावर त्यांचा स्वतःचा ड्रम आहे. त्यांच्या गावात कोणाला असा व्हिडिओ आला की पहिला फोन मला येतो, "भाऊ, हे तुम्हीच का?" हा फोन पैसे टाकायच्या आधी आला, की काम झालं.